छायाचित्रणाचे शिक्षण आणि लहान वर्गाची परंपरा : वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

गेल्या दोन दशकांत विदर्भातील महाविद्यालयांमधून छायाचित्रणाच्या दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळा भरविण्याची प्रथा रूढ होत गेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने दहाव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात पदवीसोबत पूर्ण करता येणाऱ्या व्यवसायाभिमुख प्रमाणपत्र अभ्यासक्रमांना अनुदान दिले. पुढे कौशल्य विकासाचा आग्रह वाढला आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कौशल्याधारित विषयांना पदवीच्या श्रेयांकांत स्थान दिले. या प्रवाहात छायाचित्रण हा विषय सहज सामावला गेला, कारण त्याचे साधन आज विद्यार्थ्याच्या खिशातच असते. अशा कार्यशाळेची नोंद महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात बहुधा ‘नावीन्यपूर्ण उपक्रम’ या शीर्षकाखाली केली जाते.

इतिहासाच्या अभ्यासकास ही नोंद खटकल्यावाचून राहत नाही. लहान गटास प्रत्यक्ष हाताने काम करावयास लावून छायाचित्रण शिकविण्याची पद्धत महाराष्ट्रात सुमारे एकशे सत्तर वर्षांची आहे आणि तिचा प्रारंभही एका शिक्षणसंस्थेतच झाला आहे. मधल्या काळात ती शिक्षणसंस्थेच्या बाहेर पडून स्टुडिओत, कारखान्यात, क्वचित स्वयंपाकघरातही नांदली. आज महाविद्यालयात ती परत आली आहे, एवढेच. मात्र परत येताना तिने काय सोबत आणले आणि काय वाटेत गमावले, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, छायाचित्रणाच्या वर्गातून कोणती दृष्टी घडते हे त्या वर्गातील यंत्रांवरून ठरत नाही. तो वर्ग कशासाठी भरविला गेला त्यावरून ते ठरते. वाशिम जिल्ह्याचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोलके आहे. या भूभागाची छायाचित्रे फार आरंभीच्या काळात घेतली गेली, पण छायाचित्रण शिकण्याचे स्थान म्हणून तो कोणाच्या हिशेबात नव्हता.

एल्फिन्स्टन संस्थेतील वर्ग :

१८३९ मध्ये पॅरिसमध्ये डागेरची प्रक्रिया जाहीर झाली आणि त्यानंतर दीड दशकाच्या आतच मुंबईत छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही १८५४ ची. कलकत्ता व मद्रास येथील संस्था त्यानंतर दोन वर्षांनी आल्या. मुंबईच्या संस्थेत युरोपीय अधिकारी व व्यापारी यांचे प्राबल्य असले तरी डॉ. भाऊ दाजी लाड हे तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. दोघेही ग्रँट मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. रसायनांशी ओळख असलेला वैद्यकाचा पदवीधर छायाचित्रणाकडे वळावा, हे त्या काळातील प्रक्रियेचे स्वरूप पाहता स्वाभाविक होते.

१८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. क्रॉफर्ड नावाचे शिक्षक तो चालवीत. या वर्गातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी हरिश्चंद्र चिंतामण यांचे नाव पुढे सर्वपरिचित झाले. त्यांनी मुंबईत व्यावसायिक स्टुडिओ चालविला आणि त्यांनी घेतलेल्या काही छायाचित्रांचा समावेश ब्रिटिश सरकारने प्रसिद्ध केलेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या बहुखंडी ग्रंथात झाला. (आर्य समाज व थिऑसॉफिकल सोसायटी यांच्या आरंभीच्या संबंधांत याच गृहस्थांचे नाव पैशांच्या वादामुळे येते, परंतु तो विषय वेगळा.)

हा वर्ग लहान का होता व प्रात्यक्षिकावर का आधारलेला होता, हे समजून घेण्यासाठी त्या काळातील तंत्र पाहावे लागेल. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. या पद्धतीत स्वच्छ काचेवर कलोडियनचा थर एकसारखा ओतावयाचा, ती काच अंधाऱ्या खोलीत सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि ती वाळण्यापूर्वी लगेच विकसित करावयाची. सारे काम काही मिनिटांत उरकावे लागे. आपल्याकडील उन्हाळ्यात थर अधिकच लवकर वाळे, म्हणजे ती मिनिटेही कमी होत. काच कोणत्या कोनातून तिरपी करावी, द्रव कोपऱ्यापर्यंत पोहोचला की नाही, हे वर्णन करून सांगता येत नाही. शेजारी उभे राहून पाहावे लागते, चुकावे लागते आणि पुन्हा करावे लागते. एका अंधाऱ्या खोलीत एका वेळी तीन-चारांहून अधिक माणसे मावत नाहीत. वर्गाचा आकार अशा प्रकारे त्या खोलीनेच ठरविला होता.

तथापि वर्ग लहान असण्यास दुसरेही कारण होते. कॅमेरा, भिंगे, काचा, रसायने हे सर्व परदेशातून येत असे व त्याची किंमत सामान्यांच्या आवाक्याबाहेरची होती. त्यामुळे वर्गात कोण येऊ शकेल हे आधीच निश्चित झालेले असे. सभासदत्वाची मर्यादा केवळ पैशाची नव्हती, हे बंगालमधील एका प्रसंगावरून दिसून येते. राजेंद्रलाल मित्र हे थोर प्राच्यविद्यापंडित तेथील छायाचित्रण संस्थेत सक्रिय होते. १८५७ मध्ये निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध त्यांनी जाहीर भाषण केले आणि संस्थेने त्यांना बाहेर काढले. भिंगापुढे सारे समान असतात, असे म्हणणे सोपे आहे. भिंगामागे उभे राहण्याचा अधिकार मात्र समान नव्हता.

याच सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने आणखी एक निर्णय घेतला. प्राचीन वास्तूंची चित्रे हाताने काढून घेण्याऐवजी छायाचित्रे घ्यावीत, असे ठरले. १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात कॅप्टन थॉमस बिग्ज यांची त्या कामासाठी नेमणूक झाली. पुढे ते काम डॉ. विल्यम पिगू यांच्याकडे गेले. इंग्लंडमधील ॲडिस्कॉम्ब येथील कंपनीच्या लष्करी विद्यालयातही छायाचित्रण शिकविले जाऊ लागले. म्हणजे एकाच काळात दोन प्रकारचे वर्ग अस्तित्वात होते. एका वर्गात मुंबईचा सुशिक्षित तरुण हौस व व्यवसाय यांसाठी शिकत होता. दुसऱ्या वर्गात लष्करी अधिकारी सर्वेक्षणासाठी शिकत होता. वऱ्हाडात जो कॅमेरा प्रथम आला, तो या दुसऱ्या प्रवाहातून.

चित्र घेतला गेलेला प्रदेश :

वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. १९३९ मध्ये प्रकाशात आलेल्या विंध्यशक्ती द्वितीय याच्या वाशिम ताम्रपटामुळे ही शाखा इतिहासास निश्चितपणे ज्ञात झाली. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील शिलालेख याच शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याचा आहे. पुढे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ताम्रपटाच्या आधारे या शिलालेखाचे नव्याने वाचन केले. त्या लेखाचे आरंभीचे वाचन १८६० च्या दशकात ज्यांनी प्रसिद्ध केले ते डॉ. भाऊ दाजी, म्हणजे छायाचित्रण संस्थेचे वर उल्लेखिलेले सभासद. वाशिमच्या राजवंशाचा इतिहास आणि मुंबईचे छायाचित्रण यांची गाठ अशी अजिंठ्यास पडते.

अजिंठ्यास त्या काळी रॉबर्ट गिल हा मद्रास सैन्यातील अधिकारी राहत होता. १८४० च्या दशकात भित्तिचित्रांच्या तैलरंगी प्रतिकृती करण्यासाठी त्याची नेमणूक झाली होती. वर्षानुवर्षे खपून केलेल्या या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मधल्या काळात गिल छायाचित्रणाकडे वळला होता. जेम्स फर्ग्युसन याच्या मजकुरासह त्याच्या छायाचित्रांचे दोन ग्रंथ १८६४ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. ही छायाचित्रे स्टीरिओस्कोपमधून पाहावयाची होती; दोन डोळ्यांसाठी दोन चित्रे, जेणेकरून खोलीचा आभास व्हावा. वाशिमपासून फार दूर नसलेल्या लोणारच्या मंदिरांची छायाचित्रेही त्याने घेतली. १८७९ मध्ये तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

गिलनंतर वऱ्हाडातील वास्तूंची पद्धतशीर छायाचित्रे पुरातत्त्व खात्याने घेतली. हेन्री कझेन्स याच्या दख्खनमधील मध्ययुगीन मंदिरांवरील १९३१ च्या ग्रंथात वाशिम जिल्ह्यातील शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या जुन्या मंदिराचा समावेश आहे. अभ्यासकांसाठी ही सामग्री अमोल आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु तिच्यात मनुष्य जवळजवळ नाही. असलाच तर खांबाची उंची कळावी म्हणून उभा केलेला. सर्वेक्षणाच्या वर्गात शिकलेली दृष्टी दगड नेमकेपणाने पाहते. मंदिरासमोर भरणारा बाजार, पाण्यावर जाणाऱ्या बाया, सरकीचे ढीग हे तिच्या कामाच्या बाहेरचे असते. हा त्या छायाचित्रकारांचा दोष म्हणता येणार नाही. त्यांना जे शिकविले गेले ते त्यांनी चोख केले.

येथे प्रशासकीय इतिहासातील एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. ब्रिटिश अमदानीत वाशिम, मंगरूळ व पुसद हे तालुके मिळून ‘बासिम’ हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडण्यात आला. वाशिम व मंगरूळ अकोला जिल्ह्यात गेले आणि पुसद यवतमाळकडे. १ जुलै १९९८ रोजी वाशिम पुन्हा जिल्हा झाला. मधली त्र्याण्णव वर्षे हा भाग अकोल्याचा दक्षिणेकडील कोपरा म्हणून ओळखला गेला. नेमकी हीच त्र्याण्णव वर्षे छायाचित्रण सामान्य माणसापर्यंत पोहोचण्याची होत. त्यामुळे शासकीय पातळीवर या भूभागाची जी दृश्य सामग्री निर्माण झाली, ती दुसऱ्या जिल्ह्याच्या नावे जमा झाली. आज ‘वाशिम जिल्ह्याची जुनी छायाचित्रे’ शोधू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने अकोला, अमरावती, नागपूर येथील संग्रहांत अकोला या नावाखाली पाहावे, हे त्यास आधीच सांगितले पाहिजे.

फाळके यांची शिकवणी :

छायाचित्रण शिकण्याच्या परंपरेतील सर्वांत समृद्ध उदाहरण दादासाहेब फाळके यांचे आहे. चित्रपटाचे जनक म्हणून त्यांच्यावर विपुल लिहिले गेले. विद्यार्थी म्हणून मात्र त्यांच्याकडे पुरेसे पाहिले गेलेले नाही. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. १८९० मध्ये सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने बडोद्यास कलाभवन स्थापन झाले आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या देखरेखीखाली तेथे कारागिरीचे शिक्षण सुरू झाले. देशी भाषेतून तंत्रशिक्षण देणे हे त्या संस्थेचे वैशिष्ट्य होते. फाळके तेथे छायाचित्रण व त्यास संलग्न मुद्रणप्रक्रिया शिकले. पुढे गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रकाराचा व्यवसाय केला. प्लेगमध्ये पत्नी व अपत्य गमावल्यावर ते गाव सोडले. १९०३ च्या सुमारास त्यांनी पुरातत्त्व खात्यात नोकरी केली. म्हणजे वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणाच्या प्रवाहातही हा माणूस काही काळ होता.

१९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले. तेथे सेसिल हेपवर्थ याच्या वॉल्टन येथील चित्रशाळेत त्यांनी थोडे दिवस राहून चित्रपटाचे काम पाहिले व हाताळले. आजच्या परिभाषेत ही एक अल्पमुदतीची कार्यशाळा होती आणि विद्यार्थी एकच होता. एवढ्या थोड्या अवधीत ते शिकू शकले याचे कारण त्यांच्या हातांस आधीच वीस वर्षांची सवय होती. कार्यशाळेची उपयुक्तता तिच्या कालावधीवरून मोजणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये. रिकाम्या हातांना आठवडा पुरत नाही.

याहून महत्त्वाचा भाग परत आल्यानंतरचा. दादरच्या घरी फाळके यांनी जे सुरू केले तो खऱ्या अर्थाने एक वर्गच होता. परदेशातून आलेल्या कच्च्या फिल्मला कडेची छिद्रे स्वतः पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाई फाळके अंधारात बसून करीत. फिल्म धुणे, कॅमेऱ्यात भरणे ही कामे त्या शिकल्या. चित्रीकरणाच्या वेळी उन्हाचा प्रकाश परावर्तित करण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून त्या उभ्या राहत. कुंडीत पेरलेले बी उगवून त्याचे रोपटे होईपर्यंतची वाढ थोड्या थोड्या अंतराने टिपून फाळके यांनी एक लघुपट केला व तो दाखवून भांडवल मिळविले. तो लघुपट त्या घरातील वर्गाचा पहिला स्वाध्याय म्हणावयास हरकत नाही. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला. सरस्वतीबाईंनी जे तांत्रिक शिक्षण घेतले ते त्या काळातील कोणत्याही संस्थेने स्त्रीस दिले नसते. ते मिळाले, कारण शिक्षण घरात होते आणि हातांची गरज होती. पुढे १९३० च्या दशकात होमाई व्यारावाला यांना जे. जे. स्कूलमध्ये कलाशिक्षण मिळाले; तरीही कॅमेरा त्या शिकल्या त्या माणेकशॉ व्यारावाला यांच्याकडून. म्हणजे पंचवीस वर्षांनंतरही स्त्रीसाठी वाट घरातूनच गेली.

कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या भोवती जो गट जमला त्याचे स्वरूप घराण्यासारखे होते. परदेशी कॅमेरा उपलब्ध होईना तेव्हा त्यांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने तो कोल्हापुरातच तयार केला. त्यांच्या हाताखाली उमेदवारी केलेले दामले, फत्तेलाल व शांताराम यांनी इतर भागीदारांसह १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ मध्ये प्रभात पुण्यास आली आणि १९६० मध्ये तिच्याच जागेत शासनाची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. उमेदवारीच्या परंपरेचा वाडा औपचारिक शिक्षणाने घेतला, असे याचे वर्णन करता येईल. प्रवेशपरीक्षा, मर्यादित जागा आणि इंग्रजीचे वर्चस्व यांमुळे वऱ्हाडातील तालुक्याच्या गावातून तेथे पोहोचणारा विद्यार्थी विरळाच राहिला.

तालुक्याच्या गावचा स्टुडिओ :

मग वाशिम, कारंजा, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर येथील माणूस छायाचित्रण शिकला कोठे? उत्तर सर्वांस माहीत आहे, पण शिक्षणाच्या इतिहासात ते लिहिले जात नाही. तो फोटो स्टुडिओत शिकला. प्रवेशअर्ज नाही, शुल्क नाही, बहुधा वेतनही नाही. ओळखीच्या दुकानात मुलाला ‘कामाला लावणे’ हीच प्रवेशप्रक्रिया.

उमेदवारीचा सर्वसाधारण क्रम ठरलेला असे. आरंभी झाडलोट, पाणी भरणे, धुतलेले प्रिंट वाळत घालणे. नंतर लाल दिव्याच्या खोलीत डेव्हलपर व हायपोच्या तबकांपाशी उभे राहण्याची परवानगी. त्यानंतर एन्लार्जर. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने डाग व सुरकुत्या बुजविण्याचे रीटचिंगचे काम ज्याचा हात स्थिर असेल त्यालाच मिळे. कॅमेरा सर्वांत शेवटी. आजच्या कार्यशाळेचा क्रम याच्या नेमका उलट आहे. तेथे प्रथम कॅमेरा हाती येतो व बाकीचे कधीच येत नाही. जुना क्रम आदर्श होता असे मुळीच नाही. त्यात वेळेचा अपव्यय होता, उस्तादाची मर्जी होती आणि काही गोष्टी मुद्दाम न शिकविण्याची प्रवृत्तीही होती. रसायनांचे प्रमाण अनेक उस्ताद स्वतःपाशीच ठेवीत.

तरीही या खोल्यांतून एक असे ज्ञान निर्माण झाले जे परदेशी पुस्तकांत सहसा सापडत नाही. कृष्णधवल फिल्म धुण्यासाठी डेव्हलपरचे तापमान २० अंश सेल्सिअस असावे, असे पुस्तके सांगतात. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर जातो व टाकीतील पाणीही तापते. अशा पाण्यात जिलेटिनचा थर फुगतो, मऊ पडतो, प्रसंगी फिल्मवरून सुटतो. उष्ण प्रदेशासाठी डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालून थराचे फुगणे रोखण्याची युक्ती रसायनशास्त्रास ज्ञात होती. पण तालुक्याच्या स्टुडिओत उपाय साधे होते. काम रात्री करावयाचे, पाणी माठातले घ्यावयाचे, तबक बर्फाच्या परातीत ठेवावयाचे, आणि वेळ घड्याळापेक्षा नजरेने ठरवावयाची. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी या विषयाकडे स्थानिक ज्ञानाचा भाग म्हणून पाहावे, अशी सूचना या निमित्ताने करावीशी वाटते.

साधनेही हळूहळू देशी होत गेली. बडोद्यास तयार होणारा आग्फा क्लिक हा साधा पेटीवजा कॅमेरा मध्यमवर्गीय घरांत पोहोचला. १२० च्या एका रोलवर बारा चौकोनी चित्रे येत. उटकमंड येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्सने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ‘इंदू’ या नावाने देशी फिल्म पुरविली. मात्र स्टुडिओस खरा आधार शासनाने दिला. परीक्षेचा अर्ज, नोकरीचा अर्ज, बसचा पास, बँकेचे खाते अशा प्रत्येक कागदाला छायाचित्र लागू लागले. १९९३ मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्या काळात मतदारांसाठी छायाचित्र ओळखपत्राची योजना आली आणि ज्या वृद्धांनी जन्मात कॅमेऱ्याकडे पाहिले नव्हते त्यांनाही भिंगासमोर बसावे लागले. सर्वेक्षणाचा कॅमेरा शंभर वर्षांपूर्वी मंदिराच्या खांबाशी थांबला होता. ओळखपत्राचा कॅमेरा माणसापर्यंत आला, पण तोही चेहऱ्याच्या चौकटीपुरताच. लग्न, बारसे, शाळेचा निरोपसमारंभ, क्वचित अंत्ययात्रा या प्रसंगांची चित्रे मात्र स्टुडिओवाल्यानेच घेतली. जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासाचे खरे दफ्तर तेथे आहे.

ते दफ्तर झपाट्याने नष्ट होत आहे. डिजिटल तंत्र आल्यानंतर डार्करूम बंद झाल्या आणि निगेटिव्ह म्हणजे अडगळ ठरली. चांदीसाठी जुनी फिल्म भंगारात विकली जाणे हे सर्वत्र घडले आहे. दुकान बदलते, मुलगा दुसऱ्या व्यवसायात जातो, पावसाळ्यात खोके भिजते आणि पन्नास वर्षांची लग्ने एका दिवसात जातात.

कार्यशाळेचा काळ :

१९८० नंतर अल्पमुदतीच्या प्रशिक्षणास नवे रूप आले. कर्नाटकातील उजिरे येथे १९८२ मध्ये ग्रामीण युवकांसाठी स्वयंरोजगार प्रशिक्षणाचा प्रयोग झाला. त्याच धर्तीवर पुढे देशभर जिल्हावार ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था बँकांच्या साहाय्याने उभ्या राहिल्या. त्यांच्या अभ्यासक्रमांत छायाचित्रण व व्हिडिओ चित्रण हा सुमारे महिनाभराचा निवासी व विनाशुल्क अभ्यासक्रम आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटनेही २०१७ पासून आपल्या आवाराबाहेर पडून अनेक शहरांत लघुअभ्यासक्रम घेतले. औपचारिक शिक्षणाने वाडा घेतला होता, त्याचे दार काही अंशी असे उघडले.

या प्रशिक्षणाचा हेतू रोजगाराचा आहे व तो योग्यच आहे. परंतु अन्य हेतूने भरविलेल्या वर्गांचीही उदाहरणे आहेत. वेंडी इवाल्ड या अमेरिकी छायाचित्रकार शिक्षिकेने १९८९ मध्ये गुजरातमधील विछिया या गावी मुलांच्या हाती कॅमेरे देऊन त्यांना स्वतःचे घर, जनावरे, स्वप्ने यांची छायाचित्रे घ्यावयास लावले. आपल्या अधिक जवळचे उदाहरण सुधारक ओलवे यांचे. त्यांचा जन्म अकोल्याचा, शिक्षण जे. जे. मधले. मुंबईच्या सफाई कामगारांच्या जीवनावरील त्यांचे काम सर्वत्र गाजले आणि २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. छायाचित्रणाच्या प्रसारासाठी त्यांनी न्यासही स्थापन केला. ज्या जिल्ह्याचा वाशिम हा त्या वेळी भाग होता, त्या जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाने कॅमेरा खांबावरून व पासपोर्टच्या चौकटीतून काढून काम करणाऱ्या माणसाकडे वळविला, ही बाब आपल्या विद्यार्थ्यांस अवश्य सांगण्याजोगी आहे.

महाविद्यालयीन कार्यशाळेचा हेतू कोणता, हे मात्र आपण अद्याप ठरविलेले नाही. या परिसरातील एका महाविद्यालयात काही वर्षांपूर्वी झालेल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेचा अनुभव येथे नमूद करतो. प्रस्तुत लेखक आयोजकांपैकीच होता, तेव्हा दोषात त्याचाही वाटा आहे. नोंदणी ऐंशी विद्यार्थ्यांची आणि कॅमेरे तीन. पहिल्या दिवशी उद्घाटन, दीपप्रज्वलन, मान्यवरांचे सत्कार व मनोगते यांत दुपारचा दीड वाजला. भोजनोत्तर सत्रात तज्ज्ञांनी पडद्यावर सुंदर चित्रे दाखविली. दुसऱ्या दिवशी जेमतेम चौदा विद्यार्थी आले. तज्ज्ञांस अन्यत्र जावयाचे असल्याने ते सकाळीच निघून गेले होते. वेळ भरून काढावा म्हणून गावातील एका निवृत्त स्टुडिओचालकांस आयत्या वेळी बोलावण्यात आले.

ते सायकलच्या कॅरिअरला एक पत्र्याची पेटी बांधून आले. पेटीत १२० च्या निगेटिव्हचे तुकडे होते, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले. त्यांनी एक तुकडा खिडकीशी धरला, विद्यार्थ्यांना एकेक करून पाहावयास सांगितले आणि काळे ते पांढरे, पांढरे ते काळे असे मनात उलटवून चेहरा ओळखण्याची रीत समजावून दिली. एका मुलीने एक तुकडा बराच वेळ धरून ठेवला. लग्नमंडपाच्या मागे दिसणारी दगडी कमान आपल्या गल्लीतली असून आता ती नाही, असे ती म्हणाली. तेव्हा वृद्धांनी त्या लग्नाचे साल व घराचे नाव सांगितले. ते लिहून घेण्यासाठी कोणाजवळही कागद नव्हता. शेवटी नोंदणीपत्रकाच्या कोऱ्या बाजूवर लिहिले. त्या दुपारी चौदा जणांनी एकेचाळीस तुकड्यांची नोंद केली : प्रसंग, ठिकाण, अंदाजे वर्ष, ओळखू आलेली माणसे. पेटीत आणखी किती तुकडे होते ते मोजले नाही. संध्याकाळी पाच वाजता शिपायाने सभागृह बंद करावयाचे असल्याचे सांगितले, आणि पेटी पुन्हा सायकलवर चढली.